पाण्यातले स्मारक : पाडावे की जपावे?

होनोलुलू शहरातील वायकिकीच्या किनाऱ्यावरून डायमंड हेड या थंडावलेल्या ज्वालामुखीच्या दिशेने चालू लागले, की उंच हॉटेलांची रांग हळूहळू मागे पडते. कपिओलानी उद्यानाची हिरवळ लागते आणि तिच्या टोकाला, समुद्राला अगदी खेटून, एक भव्य कमान उभी दिसते. कमानीवर गरुडांची शिल्पे आहेत. दर्शनी भिंत नीटनेटकी आहे. एखाद्या मंदिराचे वा राजवाड्याचे महाद्वार असावे तसे तिचे रूप. मात्र आत जाणारी वाट बंद आहे. आत शंभर मीटर लांबीचा, समुद्रातच बांधलेला जलतरण तलाव आहे. त्याच्या काठावरचे काँक्रीट तडकले आहे, आतल्या सळ्या गंजून बाहेर डोकावत आहेत, आणि भिंतींमध्ये कोंडलेले पाणी गढूळ झाले आहे. भिंतीच्या पलीकडे मात्र तोच समुद्र निळा आणि नितळ आहे, आणि त्यात मुले-माणसे आनंदाने पोहत असतात.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरचे हे ‘वायकिकी युद्धस्मारक नॅटेटोरियम’. नॅटेटोरियम म्हणजे जलतरणगृह. १९७९ साली ते लोकांसाठी बंद झाले. ते दुरुस्त करावे, की पाडून तिथे मोकळा किनारा करावा, हा वाद त्याआधीपासून सुरू आहे. एका शहरातल्या एका तलावाचा हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही समाजाला चुकलेला नाही. पूर्वजांनी कोणाच्या तरी स्मरणार्थ उभारलेली वास्तू पुढच्या पिढीने कशी सांभाळायची, आणि सांभाळणे झेपेनासे झाले तर काय करायचे?

पुतळा नको, तलाव हवा

१९१८ साली पहिले महायुद्ध संपले. हवाई तेव्हा अमेरिकेचे राज्य नव्हते; तो अमेरिकेच्या ताब्यातील एक प्रदेश होता. तरीही या बेटांवरून सुमारे दहा हजार माणसे सैन्यात गेली होती. त्यांपैकी जे परत आले नाहीत, अशा १०१ जणांची नावे आज स्मारकाजवळच्या एका शिळेवरील धातूच्या पाट्यावर कोरलेली आहेत.

या माणसांचे स्मरण कसे करावे, याचा विचार युद्ध संपताच सुरू झाला. त्या काळी अमेरिकेत ‘जिवंत स्मारक’ ही कल्पना रुजत होती. नुसता दगडी स्तंभ वा पुतळा उभारण्यापेक्षा जिवंत माणसांच्या रोजच्या उपयोगी पडेल अशी वास्तू बांधावी, म्हणजे तिचा वापर हीच श्रद्धांजली ठरेल, असा तो विचार. ग्रंथालये, सभागृहे, उद्याने अशा रीतीने उभी राहिली. ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. वडिलांच्या स्मरणार्थ पाणपोई, आईच्या नावे धर्मशाळेतील खोली ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तहानलेला वाटसरू पाणी पितो, आणि ज्याच्या नावे पाणपोई आहे त्याचे पुण्यस्मरण नकळत घडते.

हवाईच्या विधिमंडळाने १९१९ साली वायकिकीच्या किनाऱ्यावरची जागा घेतली आणि १९२१ साली स्मारकाचा कायदा केला. स्मारकात किमान शंभर मीटर लांबीचा पोहण्याचा मार्ग असला पाहिजे, ही अट त्या कायद्यातच घालण्यात आली. म्हणजे पोहणे ही या स्मारकाला मागाहून जोडलेली सोय नव्हती. ते त्याचे प्रयोजनच होते.

शंभर मीटरचे महत्त्व

ही अट समजून घ्यायची तर ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूची कथा ठाऊक असावी लागते. वायकिकीच्या लाटांवर वाढलेल्या या हवाईयन तरुणाने १९११ साली होनोलुलूच्या बंदरात झालेल्या शर्यतीत शंभर यार्डांचे अंतर त्या वेळच्या जागतिक विक्रमापेक्षा साडेचार सेकंदांहून अधिक वेगाने कापले. जलतरणात विक्रम सेकंदाच्या अंशांनी मोडतात. अमेरिकेतील क्रीडासंघाचा या बातमीवर विश्वास बसेना. बंदराच्या पाण्यातल्या प्रवाहाची मदत झाली असेल, घड्याळ चुकले असेल, अशा शंका काढून तो विक्रम नाकारण्यात आला. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ड्यूकने शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. १९२० साली अँटवर्पमध्ये त्याने पुन्हा सुवर्णपदक पटकावले.

समुद्राने वेढलेल्या बेटांवर उत्तम पोहणारे पुष्कळ होते; पण मोजून बांधलेला, जगाने मान्य करावा असा तलाव नव्हता. ती उणीव या स्मारकाने भरून निघाली. सॅन फ्रान्सिस्कोचे वास्तुविशारद लुईस हॉबर्ट यांनी आराखडा केला. २४ ऑगस्ट १९२७ रोजी उद्घाटन झाले. त्या दिवशी ड्यूकचा सदतिसावा वाढदिवस होता. नव्या तलावात पहिल्यांदा पोहण्याचा मान त्यालाच मिळाला. उद्घाटनाच्या स्पर्धेत जॉनी वाइसम्युलरही उतरला होता. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत ड्यूकला मागे टाकणारा, आणि पुढे चित्रपटांत ‘टारझन’ म्हणून जगभर ओळखला गेलेला, तोच हा वाइसम्युलर.

पुढे अनेक वर्षे या तलावाचा खरा उपयोग केला तो साध्यासुध्या मुलांनी. शाळकरी मुलांना इथे पोहायला शिकवले जाई. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर पोहता येणे हा केवळ खेळ नसतो, तो प्राणरक्षणाचा संस्कार असतो. ड्यूकने स्वतः १९२५ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बोट उलटली असता लाटांवर फळी घालून पुनःपुन्हा फेऱ्या मारल्या होत्या आणि आठ जणांना बुडण्यापासून वाचवले होते.

पाणी कोंडले आणि दुखणे सुरू झाले

नॅटेटोरियमची रचना देखणी होती. पण तिच्यातच एक दोष होता. तलावात वेगळे पाणी भरायचे नव्हते. समुद्राकडील भिंतीत पाण्यासाठी मार्ग ठेवले होते. भरतीबरोबर ताजे पाणी आत यावे आणि ओहोटीबरोबर जुने बाहेर पडावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात हे मार्ग अपुरे पडले. पाणी पुरेसे खेळेना, गाळ साचू लागला, तळ दिसेनासा झाला. पोहणारा बुडू लागला तर जीवरक्षकाला तो दिसणार कसा, हा प्रश्न उभा राहिला. साचलेल्या पाण्यात त्वचेला संसर्ग करणाऱ्या जंतूंची भीती होतीच. त्यातच खारा वारा आणि खारे पाणी यांनी काँक्रीटमधले लोखंड आतून खाल्ले. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगले की भोवतालचे काँक्रीट फोडते. समुद्रकाठच्या इमारतींचे हे नेहमीचे दुखणे. त्यावर उपाय एकच, सततची निगा.

ती निगा मात्र राहिली नाही. जमीन राज्याची आणि व्यवस्था नगरपालिकेची, अशी विभागणी होती. दोन घरांचा पाहुणा उपाशी राहतो, तसे काहीसे झाले. उद्घाटनाला जो उत्साह आणि निधी होता, तो वर्षानुवर्षांच्या डागडुजीला उरला नाही.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ही वास्तू पाडण्याचे घाटू लागले, तेव्हा नागरिकांच्या एका समितीने न्यायालयात धाव घेतली. १९७३ साली प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पाडकाम टळले. पाडकाम टळले, पण दुरुस्ती सुरू झाली नाही. १९७९ साली दरवाजे बंद झाले. १९८० साली स्मारकाचे नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत नोंदले गेले. कागदावर सन्मान वाढत होता, आणि काठावर भेगा वाढत होत्या.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

या वादात एक पक्ष वारसाप्रेमी आणि दुसरा उदासीन, असे समजणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही बाजूंना हा किनारा मनापासून प्रिय आहे.

तलाव जपावा असे म्हणणाऱ्यांत माजी सैनिक आहेत, जुने जलतरणपटू आहेत, लहानपणी इथेच पोहायला शिकलेले वृद्ध आहेत. त्यांचे म्हणणे असे, की हे स्मारक म्हणजे केवळ कमान नव्हे. कायद्याने तलावालाच स्मारक ठरवले आहे. कमान ठेवून तलाव बुजवणे म्हणजे चौकट ठेवून चित्र फाडणे. ज्यांच्या स्मरणार्थ ते उभारले, ते आज स्वतःची बाजू मांडायला येऊ शकत नाहीत. त्यांना दिलेला शब्द खर्चिक झाला म्हणून मोडायचा का?

पाडण्याच्या बाजूने असलेले प्रामुख्याने कायमाना किनाऱ्यावर रोज येणारे स्थानिक रहिवासी. स्मारकाला लागून असलेला हा छोटा किनारा पर्यटकांनी गजबजलेल्या वायकिकीत घरच्या माणसांसाठी उरलेल्या मोजक्या जागांपैकी एक आहे. तलाव पुन्हा उघडला की कार्यक्रम येतील, व्यापारी उपक्रम येतील, गाड्यांची गर्दी येईल, आणि सामान्य कुटुंबाला रविवारी पाटी टाकून बसायलाही जागा उरणार नाही, ही त्यांची भीती. शिवाय समोर अथांग, नितळ समुद्र असताना कोट्यवधी डॉलर खर्चून त्याच समुद्राचे पाणी भिंतींत कोंडायचे कशाला? शहीदांचा सन्मान करायचा तर कमान जपा, नावे जपा, आणि बाकीची जागा सर्वांसाठी मोकळी करा. एक मोकळा किनारा हेसुद्धा जिवंत स्मारकच नव्हे का?

हा प्रश्न सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. पण त्यालाही एक गुंता आहे. तलावाच्या भिंतीने शेजारच्या किनाऱ्याची वाळू अडवून धरली आहे. भिंत नुसती काढली, तर जो किनारा वाचवायचा तोच समुद्र ओढून नेईल. म्हणून पाडायचे झाले तरी वाळू धरून ठेवण्यासाठी नवे बांधकाम करावेच लागेल. पाडणेसुद्धा स्वस्त नाही. इतक्या वर्षांत तलाव आणि किनारा एकमेकांवर विसंबून राहू लागले आहेत.

निर्णय, आणि निर्णयावर निर्णय

१९९८ साली महापौर जेरेमी हॅरिस यांनी दुरुस्तीचा संकल्प सोडला. विरोधक न्यायालयात गेले. समुद्राचे पाणी खेळत असले तरी कायद्याच्या दृष्टीने हा जलतरण तलावच आहे, तेव्हा त्याला आरोग्य खात्याचे नियम लागू होतील, असा निर्णय १९९९ साली झाला. खाऱ्या पाण्याच्या अशा तलावासाठी नियमच नव्हते. ते आधी तयार करावे लागणार होते. परिणामी कमान, दर्शनी भाग, प्रसाधनगृहे आणि प्रेक्षक-गॅलरी यांची दुरुस्ती झाली, आणि तलाव मात्र होता तसाच राहिला. आज बाहेरून दिसणारा टापटीपपणा आणि आतली पडझड यांतली विसंगती त्या अर्धवट दुरुस्तीतून आलेली आहे.

पुढच्या महापौरांनी तलावाच्या दुरुस्तीचे काम थांबवले. २००९ साली नेमलेल्या समितीने बहुमताने पाडण्याची शिफारस केली. २०१३ साली राज्यपाल आणि महापौर यांनी मिळून तलाव काढून किनारा करण्याची आणि कमान हलवून नव्याने उभारण्याची योजना जाहीर केली. पाडून किनारा करण्यास सुमारे १ कोटी ८४ लाख डॉलर, तर संपूर्ण जीर्णोद्धारास सुमारे ६ कोटी ९४ लाख डॉलर लागतील, असे आकडे तेव्हा समोर आले. आकड्यांनी वाद मिटेल असे वाटले होते. तो मिटला नाही. २०१४ साली वारसा-रक्षणाचे काम करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या अमेरिकेतील संस्थेने या स्मारकाला राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केले, आणि पाडण्याची योजना मागे पडली.

भिंतीतून आत आलेले पिल्लू

माणसांचा हा वाद चालू असताना २०१७ सालच्या उन्हाळ्यात एक वेगळीच घटना घडली. हवाईयन मंक सील हा समुद्री प्राणी केवळ या बेटांभोवती आढळतो, आणि त्यांची संख्या जेमतेम दीड हजाराच्या आसपास आहे. ‘रॉकी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मादीने माणसांनी गजबजलेल्या कायमाना किनाऱ्यावर पिल्लाला जन्म दिला. पिल्लाचे नावही ‘कायमाना’ ठेवण्यात आले. किनाऱ्याचा भाग दोर लावून राखला गेला, स्वयंसेवक पहारा देऊ लागले. मायलेकींना पाहण्यासाठी लोक येत आणि दूर उभे राहून पाहत.

पिल्लू पोहायला शिकू लागले तसे ते तलावाच्या ढासळलेल्या भिंतीतील फटीतून आत शिरू लागले. आतल्या पडझडीत ते अडकेल, बाहेरची वाट त्याला सापडणार नाही, अशी काळजी उत्पन्न झाली. त्याला आतून बाहेर काढावे लागले. पुढे आईपासून सुटे झाल्यावर वन्यजीव अधिकाऱ्यांनी त्याला ओआहू बेटावरच्याच दूरच्या, शांत किनाऱ्यावर नेऊन सोडले.

तलाव जपणारे आणि पाडू पाहणारे, दोघांनाही ते पिल्लू सुखरूप हवे होते. सोडून दिलेली वास्तू ही केवळ डोळ्यांना खुपणारी गोष्ट नसते, ती मुक्या जिवालाही सापळा होते, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले. इतकी वर्षे ‘काहीच न करणे’ हा जणू निरुपद्रवी पर्याय मानला गेला होता. तो निरुपद्रवी नव्हता.

तिसरी वाट

यानंतर नगरपालिकेने पर्यायांचा सविस्तर अभ्यास करवला. २०१८ साली त्याचा मसुदा लोकांसमोर आला आणि २०१९ साली अंतिम अहवाल तयार झाला. चार वाटा मांडलेल्या होत्या : आहे तसेच ठेवणे, पाडून किनारा करणे, पाणी शुद्ध करून फिरवणारा बंदिस्त तलाव बांधणे, आणि भोवतीचा काठ नव्याने बांधणे. यांतली शेवटची वाट पसंत करण्यात आली. तिचा अंदाजे खर्च २ कोटी ५६ लाख डॉलर सांगण्यात आला.

या योजनेचे मर्म सोपे आहे. कमान आणि प्रेक्षक-गॅलरी राहतील. तलावाचा मूळ चौकोन दाखवणारा काठही राहील, पण तो भरीव भिंतींऐवजी खांबांवर उभा असेल. खालून समुद्राचे पाणी अडथळ्यावाचून ये-जा करील. १९२७ च्या रचनेत जे दुखणे होते, पाणी कोंडण्याचे, तेच दूर होईल. बंदिस्त, नियमबद्ध स्पर्धांचा जुना तलाव यातून परत येणार नाही. संपूर्ण मोकळा किनाराही मिळणार नाही. दोन्ही पक्षांना थोडे सोडावे लागेल, आणि म्हणूनच दोन्ही पक्षांतले काही जण नाराज राहिले. अहवाल पूर्ण झाला म्हणून काम लगेच सुरू झाले असेही नाही. निधी, परवानग्या आणि राजकीय इच्छाशक्ती यांची वाट त्यालाही पाहावी लागली.

तरीही या तिसऱ्या वाटेत एक समंजसपणा आहे. पूर्वजांचा हेतू जपायचा, त्यांची चूक नाही. रूप ओळखता येईल इतके ठेवायचे आणि त्या रूपामुळे झालेला कोंडमारा मोकळा करायचा. जुने सगळे पवित्र म्हणून हात न लावणे, किंवा जुने सगळे अडगळ म्हणून फेकून देणे, ही दोन्ही टोके त्यात टाळलेली आहेत. एका बाजूलाच सत्य आहे असा आग्रह सुटला, की अशी वाट दिसू लागते. दुर्दैव एवढेच, की ती दिसायला तलाव बंद झाल्यापासून चाळीस वर्षे लागली. त्या काळात इथे पोहायला शिकू शकली असती अशी मुले आज स्वतः आई-वडील झाली आहेत.

आपल्या गावातील जुनी विहीर, बंद पडलेली पाणपोई, कुलूप लागलेले वाचनालय यांच्याकडे पाहताना होनोलुलूची ही गोष्ट आठवावी. दात्याचे नाव संगमरवरावर कोरणे एका दिवसाचे काम आहे. दरवर्षी गाळ काढणे, गळती बुजवणे, हिशेब ठेवणे, हे कोणाच्या नावावर कोरले जात नाही. पण वास्तू टिकते ती त्याच कामावर. देणगी देताना देखभालीची तरतूदही बाजूला काढणारा दाता म्हणूनच अधिक दूरदर्शी म्हटला पाहिजे.

२४ ऑगस्ट २०२७ रोजी त्या उद्घाटनाला शंभर वर्षे पूर्ण होतील. तलावात तेव्हा पाणी खेळत असो वा नसो, त्या शिळेवर १०१ नावे असतीलच. समुद्रावर जाणारी मुले ओल्या पायांनी तिच्याजवळून जातील. त्यांतल्या एखाद्याने थांबून विचारले, की ही कोणाची नावे आणि हे दार बंद का, तर त्याच्या सोबतच्या मोठ्या माणसाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहज देता येईल. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र त्याला आपल्याच पिढीबद्दल बोलावे लागेल.